खांब डाव्या हाताला

एकशे चौदाव्यांदा लेखक सहाव्या बेटाच्या टोकाशी येऊन उभा राहिला, तेव्हा ग्रंथालयाच्या भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. बेट अर्थातच तिथं नव्हतं. तिथं एक टेबल होतं, टेबलावर पाण्याची बाटली होती, मागच्या भिंतीला टाचण्यांनी लावलेला नकाशा होता आणि समोर साठेक खुर्च्यांवर पुढे काय होणार हे पाठ असलेली माणसं होती.

पाच दहा ही वेळसुद्धा ठरलेली. साडेचारला सुरुवात. पहिल्या दोन बेटांवर लोकांना हसवायचं, चौथ्यावर एखाद-दुसरा रुमाल बाहेर काढायला लावायचा, आणि सहाव्याच्या टोकाशी आलं की आवाज खाली आणून थोडं थांबायचं. घाण्याला जुंपलेल्या बैलाला निदान आपण कुठंतरी पोचतोय असा भ्रम तरी होत असेल. लेखकाचा तोही फिटला होता.

हकीकत अशी, की सात वर्षांपूर्वी हा गृहस्थ पाणीपुरवठा खात्यात कारकून होता आणि त्याने महिनाभराची रजा काढून नऊ बेटांची पायी यात्रा केली. यात्रा फार जुनी, आता जवळजवळ विसरलेली. नियम एकच, सगळं पायी. होडी नाही, गाडी नाही, कुणाचा खांदासुद्धा नाही. ओहोटीला दोन बेटांमधलं पाणी ओसरतं, तेवढ्या वेळात वाळूवरून पलीकडे जायचं. एक जरी वाट चुकवली तरी नऊच्या नऊ फुकट. परत आल्यावर त्याने पुस्तक लिहिलं, आणि आजवर फक्त नळांच्या तक्रारींना उत्तरं लिहिलेल्या माणसाचं पुस्तक लोकांनी डोक्यावर घेतलं. आठ आवृत्त्या निघाल्या. नोकरी सुटली. मग गावोगावच्या ग्रंथालयांतून बोलावणी येऊ लागली, ती काही थांबेनात.

लोकांना सगळ्यात जास्त काय आवडायचं, तर सहाव्यावरून सातव्यावर जायची वाट. तिला मोठी वाळू म्हणतात. अडीच तासांचं चालणं, दोन्ही बाजूंना मैलभर लांब गेलेलं पाणी, आणि वाट दाखवायला फक्त वाळूत रोवलेले लाकडी खांब. खांबांच्या एका अंगाला घट्ट वाळू, दुसऱ्या अंगाला गाळ. गाळात माणूस कमरेपर्यंत रुततो, आणि रुतलेला असतानाच पाणी परत येतं. पुस्तकातलं ते प्रकरण लोक एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवत. एकदा लेखकाने भाषणात ते गाळून पाहिलं होतं, तर मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी उभं राहून विचारलं, "अहो, आमची मोठी वाळू कुठं गेली?" तेव्हापासून त्याने पुन्हा तसलं धाडस केलं नाही.

आता जे लेखकाने कुणालाच सांगितलं नव्हतं, ते सांगून टाकतो. मोठ्या वाळूवर त्याने कधी पाऊल ठेवलंच नव्हतं.

त्या सकाळी तो सहाव्या बेटाच्या टोकाशी उभा होता. पाणी ओसरलेलं, वाळू मोकळी, पहिले तीन खांब दिसत होते आणि चौथ्यापासून पुढे धुकं. त्याने एक पाय उचलला आणि तो पुढे जाईना. पाय सुजलाय, असं त्याने स्वतःला सांगितलं. थोडा सुजलाही होता. खरं म्हणजे तो घाबरला होता, इतका की तोंडाला कोरड पडली. तो तासभर तिथंच उभा राहिला. मग पाणी परत आलं आणि प्रश्नच मिटला. बेटावर तेव्हा एकच म्हातारा होडीवाला उरला होता. त्याने काही न विचारता याला होडीत घेतलं आणि धुक्यातून पलीकडे सोडलं. वाटेत लेखकाने त्याला विचारून घेतलं, की चालत जायचं झालं तर कसं जातात. म्हाताऱ्याने वल्ह्यावरचा डावा हात उचलला आणि म्हणाला, "खांब या हाताला ठेवायचे, की सुखरूप."

लेखकाने वहीत लिहिलं, खांब डाव्या हाताला. मग घरी येऊन त्या एका ओळीवर चोवीस पानं उभी केली. पायांखाली वाळू कशी कुरकुरते, खांबांना शेवाळ कुठवर असतं, मध्यावर पोचल्यावर स्वतःचा श्वास कसा ऐकू येतो, सगळं. हस्तलिखित टाइप करताना बायकोने एकदाच मान वर केली होती. "तेव्हा तुमचा पाय सुजला होता ना? फोनवर म्हणाला होतात."

"उतरली होती सूज," तो म्हणाला.

बायकोने पुढचं पान घेतलं. त्या विषयावर पुन्हा ती कधी बोलली नाही, आणि ती बोलत नाही हे लेखकाला जेवताना, झोपताना, भाषणाला निघताना आठवायचं. खोटं एकदा बोलायला फारसं काही लागत नाही. तेच एकशे चौदा वेळा, त्याच जागी आवाज खाली आणून बोलायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक.

तर, पाच दहा. लेखकाने आवाज खाली आणला. "आणि मग," तो म्हणाला, "मी डावा हात असा बाहेर काढला. मनाशी म्हटलं, खांब या हाताला. हा हात सोडायचा नाही."

त्याने डावा हात बाजूला काढून दाखवला. दर वेळी दाखवायचा.

तिसऱ्या रांगेतून एक हात वर आला. साठीच्या पुढची एक बाई उभी राहिली. अंगाने सडपातळ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवर पुस्तक आणि पुस्तकात रंगीत कापडाच्या चिंध्यांच्या खुणा.

"मधेच विचारते, रागावू नका," ती म्हणाली. "तुमचा डावा की आमचा डावा?"

लोक हसले. लेखकही हसला. प्रश्न विचारायचे ते शेवटी, पण बाई बसायला तयार नव्हती.

"हसण्यावारी नेऊ नका. मी शिवणकाम करते, चाळीस वर्षं झाली. गिऱ्हाईक समोर उभं असतं, त्याचा डावा तो माझा उजवा. पहिल्याच वर्षी एका साहेबांच्या कोटाचा खिसा भलत्या बाजूला लावला होता. तेव्हापासून विचारल्याशिवाय मी कात्री लावत नाही. तुम्ही आता समोर उभे राहून जो हात दाखवलात, तो इथून बघताना आमच्या उजवीकडे येतो. म्हणून विचारलं."

"माझा डावा," लेखक म्हणाला. "चालणाऱ्याचा डावा."

"ठीक आहे," असं म्हणून शिंपीणबाईंनी पुस्तकात पेन्सिलीने काहीतरी टिपून घेतलं. "आम्ही दोघी बहिणी गुरुवारी निघतोय. म्हटलं नक्की करून घ्यावं."

तिच्या शेजारी तिच्याहून म्हातारी, गोल चेहऱ्याची एक बाई बसली होती. ती सगळ्यांकडे बघून प्रसन्न हसत होती, म्हणजे तिला काही ऐकू आलेलं नसावं.

लेखकाने पाण्याची बाटली उचलली. घोट घ्यायला मान मागे केली आणि त्याच क्षणी त्याला तो म्हातारा दिसला. तो होडीत समोर बसलेला. समोर. वल्ही मारणारा माणूस जायच्या दिशेकडे पाठ करून बसतो, हे काय त्याला माहीत नव्हतं? लेखकाचं तोंड सातव्या बेटाकडे आणि म्हाताऱ्याचं तोंड लेखकाकडे. म्हाताऱ्याने हात उचलला तो त्याचा डावा खरा, पण होडी जात होती त्या बाजूने पाहिलं तर तो उजवीकडे होता. 'या हाताला' म्हणजे कुठल्या? चालताना डावीकडे, असं म्हणायचं होतं त्याला? की खांब त्या बाजूला आहेत, असं बोटाने दाखवावं तसं हाताने दाखवलं? धुक्यात खांब दिसतच नव्हते. लेखकाने हात पाहिला, डावा आहे एवढं ओळखलं, आणि लिहून मोकळा झाला.

पाणी घशात अडकलं. त्याला जोराचा ठसका लागला. ग्रंथपाल लगबगीने उठले आणि पाठीवर थोपटू लागले. ग्रंथपाल हा उत्साही माणूस. तीन वर्षांत त्यांनी लेखकाला तिसऱ्यांदा बोलावलं होतं, आणि 'वादच नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून दर दोन मिनिटांनी निघत.

"तल्लीन झाले, वादच नाही," त्यांनी लोकांना समजावलं. "तो प्रसंगच तसा आहे."

पुढची तीन बेटं लेखकाने कशी उरकली, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. तोंड बोलत होतं. डोळे दाराकडे लागले होते. दार सभागृहाच्या पार मागे, मधल्या वाटेतही जादा खुर्च्या टाकलेल्या. मागे भिंत, भिंतीवर नकाशा. नकाशातले खांबसुद्धा त्यानेच काढलेले, त्या ओळीवरून. आता त्या नकाशाला टेकून उभं राहायचीही त्याला भीती वाटू लागली.

टाळ्या झाल्या. ग्रंथपालांनी सह्यांसाठी रांग लावली. लेखक टेबलाशी बसला आणि एकेक पुस्तक पुढे येऊ लागलं. कुणाच्या वडिलांसाठी, कुणाच्या वहिनीसाठी. तो नाव विचारून सही करत होता आणि मनातल्या मनात हिशोब मांडत होता. निम्मी शक्यता आहे की लिहिलंय तेच बरोबर. पुस्तक निघून सहा वर्षं झाली, एकही तक्रार आलेली नाही. पण बुडालेला माणूस तक्रार कुठून करणार? लोक पुस्तक पलंगावर पडून वाचतात, प्रत्यक्ष निघणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. 'आम्ही जातोय' असं कळवणारी तीन पत्रं त्याच्या कपाटात होती. 'जाऊन आलो' असं कळवणारं एकही नव्हतं. हे त्याच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं. लोक परत आल्यावर पत्र लिहायला विसरतात, असं त्याने गृहीत धरलं होतं.

रांगेत आता शिंपीणबाईंच्या पुढे चारच माणसं होती. मग तीन.

सांगावं तर काय सांगावं? चुकून उलटं छापलं गेलं म्हणावं, छापखान्यावर ढकलून द्यावं? मग ती विचारणार, आठ आवृत्त्या झाल्या तरी कसं दिसलं नाही? आणि तुम्ही स्वतः चाललात ना, मग तुम्हाला आठवत कसं नाही? एका खोट्याच्या पायात पाय अडकून दुसरं उभंच राहत नव्हतं. न सांगावं, तर गुरुवार. आज सोमवार होता.

शिंपीणबाईंनी पुस्तक पुढे ठेवलं. जवळून पाहिल्यावर कळलं, की पुस्तकाची शिवण उसवली होती आणि तिने ती स्वतःच दोऱ्याने घातली होती. नीट, एकसारखे टाके.

"ताई दीड वर्ष आजारी होती," ती म्हणाली. "उठवत नव्हतं तिला. मी रोज हेच वाचून दाखवायचे, कानाशी तोंड नेऊन. मोठ्या वाळूचं प्रकरण तर बत्तीस वेळा. ती म्हणाली, बरी झाले तर चालत जाईन. डॉक्टरसुद्धा म्हणतात, तुम्ही औषध काय दिलंत. म्हटलं, पुस्तक. तिच्या नावाने सही करा."

लेखकाने पेन उचललं आणि खाली ठेवलं. मग टेबलावर वाकून, रांगेतल्या पुढच्या माणसाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तो म्हणाला, "बाई, तुम्हाला एक सांगायचंय. मी मोठी वाळू चाललेलो नाही."

"म्हणजे?"

"होडीने गेलो. घाबरलो होतो. खांबांचं होडीवाल्याने सांगितलं ते लिहिलं. तो माझ्याकडे तोंड करून बसला होता. त्याने हात दाखवला, पण नेमकं काय म्हणायचं होतं ते मला माहीत नाही. आत्ता, तुम्ही विचारल्यावर माझ्या लक्षात आलं."

सहा वर्षं छातीवर ठेवलेला दगड खाली आला. आता ही बाई शहाणी दिसते, गुपचूप तिकीट रद्द करेल, दोन शब्द सुनावेल, ते आपण ऐकून घेऊ, आणि पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्ती करू. तिथपर्यंत त्याचं मन धावून आलंसुद्धा.

पण ताईने बहिणीची बाही ओढली. "काय म्हणतायत ते?"

शिंपीणबाईंनी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि दीड वर्षात अंगवळणी पडलेल्या आवाजात, शब्द तोडून तोडून सांगितलं, "हे म्हणतायत, हे मोठी वाळू चाललेच नाहीत. होडीने गेले. खांबांचं यांना माहीत नाही."

सभागृहात खुर्च्या आवरायचं काम चाललं होतं, ते थांबलं. दाराशी पोचलेली माणसं परत फिरली. रांगेतल्या एकाने हातातलं पुस्तक उघडून पाहिलं, जणू त्यात आता काही वेगळं छापलेलं असणार होतं. ग्रंथपाल म्हणाले, "वादच..." आणि पुढचा शब्द त्यांना सुचला नाही.

लेखक उभा राहिला. कान तापले होते. इतके दिवस त्याला वाटायचं, हे बाहेर पडलं तर आपण शरमेने मरून जाऊ. शरम होतीच, पण माणूस तेवढ्याने मरत नाही. मरायला दुसरीच माणसं निघाली होती, आणि गुरुवारला तीन दिवस उरले होते.

"खरं आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ते प्रकरण मी घरी बसून लिहिलं. कुणी तिथं जाणार असाल, तर पुस्तकात लिहिलंय तसं करू नका. खांब उजव्या हाताला ठेवा."

शिंपीणबाईंनी ताईच्या कानात तेही पोचवलं. ताईचं हसू मावळलं नव्हतं, पण ती आता लेखकाकडे नीट बघत होती. ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली, आणि बहिऱ्या माणसांचा असतो तसा तिचा आवाज मोठा होता.

"उजव्या तरी कशावरून?"

लेखकाने तोंड उघडलं. खरंच, कशावरून? डावा खोटा ठरला म्हणून उजवा खरा ठरत नव्हता. म्हातारा चालणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बोलला असेल, तर पुस्तकातलंच बरोबर. आणि मग आज साठ माणसांसमोर एवढ्या प्रामाणिकपणे त्याने सांगितलेला रस्ता सरळ गाळात जात होता.

"तिथं कुणाला तरी विचारा," तो म्हणाला.

"सहाव्या बेटावर आता कोणी राहत नाही, हे तुम्हीच लिहिलंय," शिंपीणबाई म्हणाल्या. "पान एकशे चाळीस. होडीवाला शेवटचा, म्हणून."

होडीवाल्यालाही त्याने एक प्रत पाठवली होती. ती 'घेणारा नाही' असा शेरा लागून परत आली होती.

"मग जाऊ नका. मी हात जोडतो. मला काहीच माहीत नाही, आणि माझ्या शब्दावर तुम्ही तिथं पाऊल टाकू नये. बाकीच्या वाटा चाला, ती एक सोडा."

ताईला एवढं कुणी सांगावं लागलं नाही. जोडलेले हात तिला दिसले. "जाणार तर मी आहे," ती म्हणाली. "अंथरुणात पडल्या पडल्या बत्तीस वेळा गेले तिथून. आता पाय आहेत तर एकदा जाईन. एक वाट सोडली तर यात्रा होत नाही, हेही यांनीच शिकवलंय." मग तिने थोडा विचार केला आणि टेबलावरून लेखकाचं मनगट धरलं. हात हाडकुळा होता, पण पकड चांगलीच घट्ट होती. "तुमचीही झालेली नाही. तुम्ही पुढं चला. काठीने वाळू चाचपत. आम्ही तुमच्या पावलांवर पाऊल टाकत येतो. तुम्ही रुतलात की आम्हाला कळेल, ती बाजू नव्हे."

कुणीतरी हसलं. ताई चेष्टा करत नव्हती.

लेखकाला ते टोक दिसलं. एकशे चौदा वेळा लोकांना दाखवलेलं नव्हे, ते खरं. तीन खांब, चौथ्यापासून पुढे काही नाही. तोंडाला तशीच कोरड पडली. मनगट सोडवून घ्यावं, दाराकडे जावं, बायकोला फोन करावा, आजारी पडावं. दाराशी माणसं उभी होती. ती त्याला अडवायला उभी नव्हती, नुसती ऐकत होती, पण वाट कुणी देत नव्हतं.

"मला पाण्याची भीती वाटते," तो म्हणाला. आवाज आपोआपच खाली आला होता.

शिंपीणबाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आता राग नव्हता.

"आम्हालाही वाटते, भाऊ," त्या म्हणाल्या. "म्हणून तर पुस्तक घेतलं होतं."

"काय म्हणतायत?" ताईने विचारलं.

शिंपीणबाई तिच्या कानाशी वाकल्या. "येतो म्हणतायत," त्यांनी मोठ्याने सांगितलं.

सभागृहातल्या सगळ्यांनी ते ऐकलं. लेखक असं काही म्हणाला नव्हता. त्याने एकदा ग्रंथपालांकडे पाहिलं, एकदा मनगटावरच्या हाताकडे पाहिलं, आणि गुरुवारची गाडी किती वाजता सुटते ते विचारलं.